तो काय करत होता?

न्यू जर्सीतल्या एका टाऊनहाऊस वसाहतीत राहणाऱ्या मराठी गृहस्थांनी पाठवलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. शनिवारी दुपारी त्यांच्या रस्त्याच्या कडेला एक काळा माणूस गाडीत तासभर बसून होता. कुणीतरी दाराच्या कॅमेऱ्यातला त्याचा फोटो वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘संशयास्पद ब्लॅक माणूस, सगळ्यांनी लक्ष ठेवा.’ दुसऱ्या कुणीतरी पोलिसांना फोन केला. पोलीस आले, लायसन्स मागितलं, त्याला गाडीतून उतरवून पंधरा मिनिटं रस्त्यावर उभं केलं. मग कळलं की त्याची मुलगी तिथल्याच एका घरी वाढदिवसाला आली होती आणि तो तिला न्यायला थांबला होता. आता या गृहस्थांचा १६ वर्षांचा मुलगा म्हणतोय की हा सरळसरळ वर्णद्वेष आहे. वडिलांचं म्हणणं, सावध राहण्यात गैर काय? गुन्ह्यांची आकडेवारीच तशी आहे. आणि शेवटी पोलिसांनी त्याला सोडलंच की, मग त्याचं नुकसान काय झालं?

तुमचा मुलगा बरोबर बोलतोय. पण तुम्ही मनापासून विचारलंय, त्यामुळे एवढ्या एका वाक्यावर थांबत नाही.

मी १९ वर्षं या राज्यात पब्लिक डिफेंडर आहे. ज्या आरोपीला वकील परवडत नाही, त्याच्या बाजूनं सरकारी खर्चानं उभी राहणारी वकील. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक फायलीत पोलिसांचा रिपोर्ट असतो, आणि त्यात मी सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधते: याला थांबवलं कशासाठी? ‘आरशाला एअर फ्रेशनर लटकत होता.’ ‘नंबरप्लेटच्या फ्रेमनं राज्याच्या नावाचा काही भाग झाकला होता.’ ‘पोलिसांची गाडी पाहून नजर चुकवली.’ ‘पोलिसांच्या गाडीकडे टक लावून पाहिलं.’ ही शेवटची दोन कारणं मला एकाच महिन्यात, एकाच गावाच्या पोलिसांच्या दोन वेगळ्या रिपोर्टांत मिळाली होती. पाहिलं नाही म्हणून एक जण थांबवला गेला, पाहिलं म्हणून दुसरा. दोघंही काळे, दोघंही पंचविशीच्या आतले. नंबरप्लेटच्या फ्रेमचं तर इतकं झालं, की २०२१ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं: प्लेटवरचं वाचता येत असेल तर नुसत्या फ्रेमसाठी गाडी थांबवता येणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण तोच मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतो. नुकसान काय झालं?

माझ्यासोबत दहा वर्षं काम केलेला एक काळा वकील आहे. सव्वासहा फूट उंच, आवाज इतका मऊ की मागच्या बाकावर ऐकू येत नाही. एकदा आम्ही दोघं एका अनोळखी कोर्टात गेलो. दोघांच्या अंगावर सूट, दोघांच्या हातात फायली. दारावरच्या शिपायानं मला ‘गुड मॉर्निंग’ म्हणून आत सोडलं आणि त्याला सांगितलं, ‘आरोपींनी वकील येईपर्यंत बाहेर बसायचं.’ तो म्हणाला, ‘मी वकीलच आहे,’ आणि ओळखपत्र दाखवलं. शिपायानं माफी मागितली. प्रकरण अर्ध्या मिनिटात संपलं. मी मात्र दिवसभर धुमसत होते. जेवताना त्याला विचारलं, तू इतका शांत कसा राहिलास? तेव्हा त्यानं मला त्याच्या सवयी सांगितल्या. दुकानातून बाहेर पडताना पावती पिशवीत टाकायची नाही, हातात धरायची. दुकानात असताना हात खिशात घालायचे नाहीत. रात्री लिफ्टमध्ये एकटी बाई असेल तर ती लिफ्ट सोडून द्यायची. पहाटे पळायला जाताना कॉलेजचं नाव असलेला टी-शर्ट घालायचा. गाडीचे कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवायचे नाहीत, समोरच्या सनशेडला चिमट्यानं लावायचे, म्हणजे पोलिसांनी थांबवलं तर हात खाली जायला नको. त्याच आठवड्यात त्यानं हे सगळं आपल्या ११ वर्षांच्या मुलाला बसवून सांगितलं होतं. इथल्या काळ्या घरांत या बोलण्याला नुसतं ‘द टॉक’ म्हणतात. कशाबद्दल, ते सांगावं लागत नाही.

आता तुमच्या रस्त्यावरच्या त्या वडिलांकडे बघा. तुमच्या लेखी ती पंधरा मिनिटं होती. त्याच्या लेखी ती कितवी वेळ होती, हे तुम्हाला ठाऊक नाही. मिनेसोटातला फिलँडो कॅस्टिल शाळेच्या भोजनगृहात काम करायचा. २०१६ च्या जुलैत त्याची गाडी थांबवली, तेव्हा पोलिसानं रेडिओवर सांगितलेलं कारण असं होतं, की चालक एका दरोड्यातल्या संशयितासारखा दिसतो, त्याचं नाक रुंद आहे. त्याआधीच्या १४ वर्षांत किरकोळ कारणांसाठी त्याला ४६ वेळा थांबवलं होतं. त्या ४६ वेळांबद्दलही कुणी म्हणू शकलं असतं की सोडलंच की. सत्तेचाळिसाव्या वेळी त्यानं स्वतःहून, नीट शब्दांत सांगितलं की माझ्याजवळ परवान्याची बंदूक आहे, आणि काही सेकंदांत तो गोळ्या लागून मेला. गाडीत त्याची मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी ज्यूरीनं त्या पोलिसाला निर्दोष सोडलं.

तुमच्या वसाहतीत पोलिसांशी बोलताना तो बाप आपले हात कुठे ठेवायचे याचा विचार करत असणार. मुलगी केक खाऊन बाहेर आली तर हे बघेल, याचाही.

आता आकडेवारी. काही हिंसक गुन्ह्यांच्या अटकांमध्ये काळ्या पुरुषांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे, हे मी नाकारत नाही. त्यामागे कुणाला कुठल्या वस्तीत घर घेऊ दिलं, कुठल्या शाळा उपाशी ठेवल्या, हा शंभर वर्षांचा हिशोब आहे. तो तूर्त बाजूला ठेवते. तुमचा प्रश्न आहे समोरच्या एका माणसाबद्दलचा, आणि आकडा आहे समूहाबद्दलचा. रस्त्यावर दिसलेला काळा माणूस त्या क्षणी गुन्हा करत असण्याची शक्यता किती, याचं उत्तर अटकांच्या टक्केवारीतून निघत नाही. ते काढायचं असेल तर हजारो लोकांना नुसत्या संशयावरून थांबवून बघावं लागेल. न्यूयॉर्क शहरानं नेमकं तेच केलं.

१९६८ च्या ‘टेरी’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना मुभा दिली, की अटकेइतका पुरावा नसला तरी सांगता येण्याजोगा, वाजवी संशय असेल तर माणसाला थांबवा, आणि तो सशस्त्र वाटला तर अंग चाचपा. या मुभेखाली जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना थांबवलं. २०१३ साली न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ‘फ्लॉइड’ खटल्यात या नोंदी तपासून निकाल दिला, पुढचे आकडे त्यातले. (हा फ्लॉइड वेगळा, मिनियापोलिसचा जॉर्ज फ्लॉइड नव्हे.) थांबवलेल्यांत ५२ टक्के काळे होते, शहराच्या लोकसंख्येत ते २३ टक्के. दर १०० पैकी ८८ जणांना ना अटक झाली, ना समन्स मिळालं. ज्यांचं अंग चाचपलं, त्यांच्यातल्या दोनशेत तिघांकडे हत्यार सापडलं. आणि आता हा आकडा तुमच्या ग्रुपवर वाचून दाखवा: थांबवलेल्या गोऱ्यांपैकी १.४ टक्क्यांकडे हत्यार मिळालं, थांबवलेल्या काळ्यांपैकी १ टक्क्याकडे. म्हणजे गोऱ्या माणसाला थांबवायला पोलिसांना काहीतरी दिसावं लागत होतं. काळ्याला थांबवायला तो दिसणं पुरत होतं. फॉर्मवर कारणांच्या चौकटी छापलेल्या होत्या आणि त्यात सगळ्यात जास्त टिकमार्क ‘चोरट्या हालचाली’ या चौकटीत. चोरटी हालचाल म्हणजे काय, हे साक्षीला आलेल्या पोलिसांना धड सांगता आलं नाही.

त्या वेळी शहराचे कारभारी सांगत होते की ही पद्धत बंद केली तर रक्तपात होईल. २०११ साली ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवलं होतं, २०१४ साली ४६ हजारांच्या आत. खून २०११ मध्ये ५१५ झाले होते, २०१४ मध्ये ३३३.

तुम्ही न्यू जर्सी टर्नपाइकवरून, आपल्या राज्याच्या त्या मोठ्या टोलरस्त्यावरून, रोज ये-जा करत असाल. याच रस्त्यानं अमेरिकेला ‘ड्रायव्हिंग व्हाइल ब्लॅक’ (काळं असून गाडी चालवणं, हाच जणू गुन्हा) हा शब्दप्रयोग घराघरात नेऊन दिला. नव्वदच्या दशकात एका खटल्यासाठी तज्ज्ञांनी टर्नपाइकच्या दक्षिण टोकाला बसून गाड्या मोजल्या. रस्त्यावरच्या गाड्यांपैकी साधारण १३.५ टक्के गाड्यांत काळी माणसं होती, वेगमर्यादा ओलांडणाऱ्यांत सुमारे १५ टक्के. थांबवलेल्या गाड्यांत मात्र एक तृतीयांशाहून जास्त. पण मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते: ९८ टक्के गाड्या वेगमर्यादेच्या वर धावत होत्या. सगळेच नियम मोडतात तेव्हा पोलिसाला कुणालाही थांबवायचा कायदेशीर अधिकार मिळतो, आणि कुणाला थांबवायचं ही निवड त्याच्या नजरेवर उरते. १९९६ साली न्यू जर्सीच्या कोर्टानं हा भेदभाव मान्य केला. पण त्याच वर्षी ‘रेन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ठरवलं, की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला गेला असेल तर पोलिसाच्या मनातलं खरं कारण काय होतं हे बघायची गरज नाही. एअर फ्रेशनरचा धागा तिथून सुरू होतो. १९९८ च्या एप्रिलमध्ये याच टर्नपाइकवर बास्केटबॉलच्या शिबिराला निघालेल्या चार तरुणांच्या व्हॅनवर पोलिसांनी ११ गोळ्या झाडल्या. तिघे काळे, एक लॅटिनो. त्यानंतरच्या वर्षी राज्याच्या अॅटर्नी जनरलनी कबूल केलं की वर्ण बघून गाड्या थांबवण्याचा प्रकार काल्पनिक नाही, खरा आहे.

स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पुढे देशभरातल्या जवळपास दहा कोटी वाहतूक तपासण्यांच्या नोंदी पाहिल्या. अंधार पडला, चालकाचा रंग बाहेरून दिसेनासा झाला, की थांबवलेल्यांतलं काळ्यांचं प्रमाण खाली येत होतं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पोलिसांचं, आमच्या वसाहतीचा काय संबंध? संबंध आहे, कारण पोलीस बऱ्याचदा स्वतःहून येत नाहीत. त्यांना तुमच्यासारखं कुणीतरी बोलावतं. आणि फोनवर बोललेल्या शब्दांचं पुढे काय होतं, हे फोन करणाऱ्याला दिसत नाही. मला दिसतं, कारण मी त्या रेकॉर्डिंग ऐकते. क्लीव्हलँडमध्ये २०१४ साली बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन फिरणारा टामिर राइस १२ वर्षांचा होता. फोन करणाऱ्यानं सांगितलं होतं की बंदूक बहुतेक खोटी आहे, आणि हा बहुतेक लहान मुलगा आहे. फोन घेणाऱ्यापासून गाडीतल्या पोलिसांपर्यंत जाताना दोन्ही ‘बहुतेक’ गळून पडले. पोचलं ते एवढंच: काळा पुरुष, हातात बंदूक. गाडी थांबल्यावर दोन सेकंदांत त्याला गोळी लागली. नंतर एका पोलिसानं रेडिओवर त्याचं वय सांगितलं, वीसच्या आसपास. काळ्या मुलांना लोक त्यांच्या वयापेक्षा मोठं समजतात, हे मानसशास्त्राच्या प्रयोगांतही दिसलंय. एका अभ्यासात हा फरक सरासरी साडेचार वर्षांचा निघाला.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. फेब्रुवारी २०१५, अलाबामातलं मॅडिसन गाव. गुजरातहून नुकतेच मुलाकडे आलेले ५७ वर्षांचे आजोबा सकाळी घराबाहेर फेरफटका मारत होते. इंग्रजी येत नव्हतं. एका शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला, की एक बारीकसा काळा माणूस गॅरेजांजवळ फिरतोय, याला आधी कधी पाहिलेलं नाही. पोलिसांनी थांबवलं, ते ‘नो इंग्लिश’ आणि ‘इंडिया’ म्हणत राहिले, आणि एका पोलिसानं त्यांचे हात मागे धरून त्यांना जमिनीवर आदळलं. मणक्याची शस्त्रक्रिया झाली, शरीर अंशतः लुळं पडलं. दोन ज्यूरींचं एकमत झालं नाही, शेवटी न्यायाधीशांनी पोलिसाला सोडून दिलं. तुमचे आई-बाबा उन्हाळ्यात येत असतील, संध्याकाळी स्वेटर घालून वसाहतीला चकरा मारत असतील, दुसऱ्यांची तुळस-गुलाब बघायला थांबत असतील. ‘काळा, अनोळखी, घुटमळतोय’ या चौकटीत ते केव्हा बसतील, हे त्यांच्या हातात नाही. पण मी हे फक्त आपल्या म्हाताऱ्यांच्या भीतीपोटी सांगत नाही. त्या दिवशी तिथे खरोखरच एखादा काळा आजोबा चालत असता, तरी ते तितकंच चूक होतं.

आपल्याकडे हे कळायला कठीण जाऊ नये. मी नगर जिल्ह्यातल्या गावात वाढले. गावात घर फुटलं की पोलिसांची जीप पहिल्यांदा पारध्यांच्या पालावर जायची. चोरी कुठे झाली, कशी झाली, हे विचारायच्या आधी. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, १९५२ साली तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण जीपचा रस्ता बदलला नाही. माझे वडील म्हणायचे, ‘काहीतरी असल्याशिवाय नेत नाहीत.’ मी वकील झाले ती बऱ्याच अंशी या वाक्याला उत्तर शोधत. इथे काळ्या माणसाच्या वाटेवरची पाळत याहून जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १७१३ साली नियम होता, की १४ वर्षांवरच्या गुलामानं रात्री मालकाशिवाय बाहेर पडायचं तर हातात पेटता कंदील हवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते, रागावू नका. आपल्या गटगांमध्ये, म्हणजे मराठी मंडळींच्या गेट-टुगेदरमध्ये, काळ्या लोकांसाठी ‘कल्लू’ हा शब्द सर्रास चालतो. मुलं शेजारच्या खोलीत खेळत असतात आणि ऐकत असतात. तुमचा मुलगा वाद घालतोय, म्हणजे त्यानं तो शब्द ऐकूनही उचललेला नाही. त्याला गप्प बसवू नका.

आता करायचं काय. ग्रुपवर एक साधा नियम मांडा: फोटो टाकायच्या किंवा फोन करायच्या आधी लिहायचं की तो माणूस करत काय होता. दिसतो कसा, ते नंतर. ‘दाराचं हँडल हलवून बघत होता’, ‘तीन गाड्यांचे दरवाजे ओढून बघितले’ ही कृती झाली, जरूर फोन करा, आणि मग ओळख पटावी म्हणून कपडे, उंची, वर्ण सगळं सांगा. ‘बसलाय’, ‘चालतोय’, ‘इथला वाटत नाही’ यांत कृतीच नाही. ओकलंडमध्ये ‘नेक्स्टडोअर’ या शेजाऱ्यांच्या ॲपवर असल्या पोस्टचा सुळसुळाट झाला, तेव्हा कंपनीनं २०१६ साली नेमकी हीच पायरी फॉर्ममध्ये घातली, आधी वागणं लिहा. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांच्या कामाचा त्यात हात होता. कंपनीच्या म्हणण्यानुसार वर्णावरून संशय घेणाऱ्या पोस्ट ७५ टक्क्यांनी घटल्या. क्षणभर थांबून एक वाक्य लिहायला लावलं, एवढंच केलं होतं. जाणूनबुजून खोटी तक्रार करून कुणाला त्याच्या वर्णावरून छळणं हा न्यू जर्सीत २०२० पासून वेगळा गुन्हा आहे. तुमच्या शेजाऱ्याचा फोन त्यात बसत नाही, त्याला खरंच भीती वाटली असणार. पण असा कायदा का करावा लागला, ते ग्रुपवर कळू द्या.

मुलगा पुढच्या वर्षी गाडी चालवायला लागेल. त्याच्या गाडीत काळा मित्र बसलेला असेल आणि पोलिसांनी थांबवलं, तर त्याला दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, आपल्या राज्यात गाडी झडतीसाठी उघडायची परवानगी मागायलाही पोलिसांकडे वाजवी संशय लागतो, आणि नकार द्यायचा हक्क आहे हे परवानगी देणाऱ्याला माहीत होतं, हे नंतर कोर्टात सरकारला सिद्ध करावं लागतं. सौम्य आवाजात ‘मी परवानगी देत नाही’ म्हणता येतं. दुसरी गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली ती: तिथे न्यायासाठी आवाज चढवू नकोस. तुझा आवाज चढला तर हातकड्या तुला पडतीलच असं नाही, शेजारी बसलेल्याला पडतील. नाव, बिल्ला नंबर, वेळ लक्षात ठेव, आणि घरी आल्यावर सगळं लिहून काढ. अशा लिहून ठेवलेल्या कागदांवर मी खटले जिंकलेत.

त्या मुलीच्या वडिलांचा नंबर वाढदिवसवाल्या घराकडे आहे, असं तुम्ही लिहिलंय. फोन करा. फोन तुम्ही केला नव्हता, फोटोही तुम्ही टाकला नव्हता, हे सुरुवातीलाच सांगू नका, ते स्पष्टीकरण वाटेल. जे झालं ते आमच्या रस्त्यावर झालं, याचं वाईट वाटतं, एवढं म्हणा आणि ते काय बोलतात ते ऐका. कदाचित ते दोन शब्दांत फोन ठेवतील, तो त्यांचा हक्क आहे. पुढच्या वेळी कुणाच्या घरी मुलांचा कार्यक्रम असेल तेव्हा न्यायला आलेल्या पालकांना गाडीत थांबू देऊ नका. दार उघडून आत बोलवा, चहा टाका.